संशोधनातून स्टार्टअप काढताय? क्रमाच्या या चुका टाळा

विद्यापीठांच्या इनक्युबेशन सेंटरकडे (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्राकडे) येणाऱ्या अर्जांत तंत्रज्ञान बहुतेक वेळा बरं असतं. घोडं पेंड खातं ते कामं उलट्या क्रमाने उरकल्यामुळे: आधी पेपर मग पेटंट, आधी कंपनी मग लायसन्स (संस्थेच्या मालकीचं तंत्रज्ञान वापरायचा परवाना). बाकीच्या चुका पैसे घालून निस्तरता येतात, पहिली सहसा येत नाही.

पेटंटच्या आधी तोंड उघडणं

शोध जाहीर झाला की तो कायद्याच्या नजरेत ‘नवा’ राहत नाही आणि पेटंट हुकू शकतं. पेपर छापून आला तरी पेटंटला वर्षभर मुदत असते, हा कॅम्पसवरचा पक्का गैरसमज. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 31 मधली बारा महिन्यांची सवलत फार अरुंद आहे. सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, अशा मोजक्याच गोष्टींना ती लागू होते. नेहमीच्या जर्नलमधला पेपर किंवा लिंक्डइनवरचा व्हिडिओ त्यात बसेल असं धरून चालू नका. युरोपात स्वतःच्या पेपरसाठी सवलतच नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत माहिती फुटते ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक, ‘आविष्कार’सारख्या स्पर्धेतलं पोस्टर. दुसरं, ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढणारा पीएचडीचा प्रबंध, हा तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्हींच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता, पहिला) अर्ज गेलेला हवा. शैक्षणिक संस्थांना 2021 पासून शुल्कात 80 टक्के सवलत आहे, ती धरून ऑनलाइन अर्जाचं शुल्क 1,600 रुपये. खर्च होतो तो वकिलाच्या फीवर.

पण घाईघाईत खरडलेला दोन पानी प्रोव्हिजनलही कामाचा नाही. समजा, पाण्यातलं फ्लोराइड शोषणारं मटेरियल बनवलंय. ‘कॅल्शियमयुक्त पदार्थाने फ्लोराइड कमी होतं’ एवढंच लिहिलं, तर अग्रक्रमाची तारीख (शोध नवा आहे का, हे जिच्या आधीच्या माहितीवरून ठरतं ती) तेवढ्यापुरतीच मिळते. घटकांचं प्रमाण किती ते किती, भट्टीचं तापमान आणि वेळ, कोणत्या पीएचला चालतं, कॅल्शियमऐवजी दुसरं काय चालेल आणि प्रत्यक्ष केलेल्या दोन-तीन चाचण्यांचे आकडे, हे सगळं पहिल्याच अर्जात घाला. त्यानंतर बारा महिन्यांत कंप्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन आणि दावे) गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं.

पेपर आधीच बाहेर पडला असेल तर? त्यात न आलेली सुधारणा शोधा: वेगळी प्रक्रिया, वेगळं उपकरण, वापराची नवी पद्धत. मात्र ती सुधारणा त्या पेपरवरून सहज सुचण्यासारखी नसावी. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर वर्षभरात अर्ज करता येतो, पण भारतात राहणाऱ्याने थेट परदेशात अर्ज करायचा तर कलम 39 प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं.

संशोधक म्हणून नावं घालताना पेपरची यादी उचलून चिकटवू नका. विभागप्रमुखांचं नाव मानापोटी घालणं आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्याचं गाळणं, दोन्ही पुढे महागात पडतात. गुंतवणूकदाराचा वकील प्रयोगवहीतल्या तारखा आणि सह्या बघतो.

‘शोध माझा, म्हणजे मालकी माझी’

संस्थेची लॅब, संस्थेचा पगार किंवा फेलोशिप वापरली असेल, तर धोरणानुसार मालकी बहुधा संस्थेची असते. प्रकल्पाला एखाद्या उद्योगाचा पैसा असेल, तर त्या करारात त्यांचा पहिला हक्क लिहिलेला आहे का, ते आधी पाहा. मग संस्थेकडून लायसन्स घ्यायचं. ते ठरेपर्यंत सहा महिने-वर्षभराचा ऑप्शन करार मागा, म्हणजे तंत्रज्ञान मधल्या काळात दुसऱ्याला जाणार नाही.

लायसन्स वाचताना सगळ्यांची नजर रॉयल्टीच्या टक्क्यांवर असते. खरी मेख इतरत्र असते. सब-लायसन्सचा (परवाना पुढे दुसऱ्याला देण्याचा) हक्क नसेल तर उत्पादन बाहेरच्या कारखान्याकडून करून घेताना अडचण येऊ शकते. पेटंट चालू ठेवण्याचं वार्षिक शुल्क कोण भरणार, हे लिहिलेलं नसेल तर ते कुणीच भरत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे पुढच्या सुधारणांबद्दल मौन. गाइड त्याच लॅबमध्ये पुढची आवृत्ती काढतात, ती संस्थेची ठरते आणि कंपनीकडे जुनं मॉडेल उरतं.

कंपनी फार लवकर काढणं

प्रायव्हेट लिमिटेडची नोंदणी झाली की घड्याळ सुरू होतं. 30 दिवसांत ऑडिटर, 180 दिवसांत आयएनसी-20ए (व्यवसाय सुरू केल्याची घोषणा), विक्री शून्य असली तरी दरवर्षी एओसी-4 (हिशेबपत्रकं) आणि एमजीटी-7ए (वार्षिक विवरण). हे दोन वार्षिक फॉर्म उशिरा भरले तर प्रत्येकी रोज 100 रुपये जादा. वर काही योजनांना वयाची अट. 2021 च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडच्या नियमांत अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांहून जुनी चालत नव्हती. हौसेने पदवीच्या तिसऱ्या वर्षाला कंपनी काढणारे विद्यार्थी प्रोटोटाइप हातात येईपर्यंत तिथेच बाद.

बिरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या ‘बिग’ अनुदानासाठी (50 लाखांपर्यंत, 18 महिने) व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो, ‘निधी-प्रयास’ या केंद्राच्या योजनेचे 10 लाखांपर्यंतचे पैसे तर प्रोटोटाइपसाठीच आहेत. तेव्हा कंपनीची घाई नको. अर्जापूर्वी चालू वर्षाची जाहिरात मात्र वाचा, अटी बदलतात.

शेअर्सची वाटणी

नोकरीत राहणाऱ्या गाइडना निम्मे शेअर्स आणि पूर्णवेळ राबणाऱ्या दोघांना उरलेले, अशी वाटणी पाहून गुंतवणूकदार उठून जातो. सर्वांना चार वर्षांचं व्हेस्टिंग लावा, म्हणजे शेअर्स काम करत राहिल्यावर टप्प्याटप्प्याने मिळतील; पहिल्या वर्षाआधी सोडून गेला तर काही नाही. संचालक होण्यासाठी प्राध्यापकांनी संस्थेची लेखी परवानगी आधी घ्यावी. विभागप्रमुख तोंडी ‘हो’ म्हणाले, हे लेखापरीक्षणात चालत नाही.