पायथनमधे रँडम पॉइंट बनवून फाइलवरून प्लॉट करताय? मग या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागांचा खरा जीपीएस डेटा यायला वेळ होता, म्हणून तोवर खोट्या पॉइंटवर हात बसवू असं आमचं ठरलं. अक्षांश 21.10 ते 21.30, रेखांश 75.65 ते 76.10, या चौकटीत 200 रँडम पॉइंट बनवायचे, टेक्स्ट फाइलमधे लिहायचे, दुसऱ्या प्रोग्रामने वाचून मॅटप्लॉटलिबवर (पायथनमधे आलेख काढायची लायब्ररी) ठिपके काढायचे. काम एवढंच, पण त्यात दोन दिवस गेले, आणि नंतर शिकायला आलेली पोरंही नेमकी त्याच जागी अडकताना बघतोय म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे पॉइंट बनवायला रँडइंट हे फंक्शन वापरू नका. ते फक्त पूर्ण आकडे देतं. 21 ते 22 आणि 75 ते 76 असं दिलं की 200 पॉइंट बनतात खरे पण चित्रात चारच ठिपके दिसतात, बाकी सगळे त्यांच्याच डोक्यावर बसलेले. युनिफॉर्म वापरा, त्यात दशांश मिळतात. आणि राउंड करताना दोनच दशांश ठेवू नका भाऊ, 0.01 अंश म्हणजे जवळपास 1.1 किलोमीटर होतं, तेवढ्यात शेत काय शिवार बदलतं. चार दशांश ठेवले की साधारण 11 मीटरपर्यंत नेमकं राहतं.

फाइलमधे लिहिताना राइट हे फंक्शन स्वतःहून नवी ओळ टाकत नाही, हे प्रिंटची सवय असलेला माणूस हमखास विसरतो. मग वाचताना एरर येते, 75.862621.1534 चा फ्लोट (दशांश आकडा) होत नाही म्हणून. नीट बघा, एकाच आकड्यात दोन टिंबं आहेत, म्हणजे एका पॉइंटचा रेखांश पुढच्याच्या अक्षांशाला चिकटलाय. प्रत्येक ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश एन (नव्या ओळीची खूण) टाका. फाइल ए मोडमधे (जुन्याच्या पुढे जोडणारा) उघडली असेल तर प्रत्येक रनला 200 चे 400, 400 चे 600 होत जातात, तिथे डब्ल्यू (जुनं पुसून नव्याने लिहिणारा) हवं. आणि ओपन कायम विथ लावूनच करा, म्हणजे काम संपलं की फाइल आपोआप बंद होते, नाहीतर फाइल बंद व्हायच्या आधी त्याच प्रोग्राममधे वाचायला गेलात तर ती रिकामी किंवा अर्धवट मिळू शकते.

आता सगळ्यात घातक चूक, कारण हिच्यात एररच येत नाही. आम्ही प्रोग्राम चालवला तर सगळे ठिपके डावीकडून खालून उजवीकडे वर अशा एका सरळ तिरक्या रेषेत, आणि अक्षाखाली आकड्यांची काळी दाट पट्टी! आधी वाटलं रँडमच बिघडलं, सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलून पाहिलं, तरी रेघ तशीच. खरं कारण असं की फाइलमधून वाचलेलं सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं, असतं. फ्लोट केलं नाही तर मॅटप्लॉटलिब त्या आकड्यांना नुसती नावं समजतं आणि ज्या क्रमाने आली त्या क्रमाने 0, 1, 2 अशी मांडतं, दोन्ही अक्षांवर तेच, मग रेघ येणार नाही तर काय. ओळ स्प्लिट करून अक्षांश-रेखांश वेगळे केल्यावर दोन्ही तुकडे लगेच फ्लोट करा. कुणी नोटपॅडमधे उघडून शेवटी एंटर मारलं असेल तर रिकामी ओळही येते, ती स्ट्रिप करून (कडेची मोकळी जागा काढून) सोडून द्या.

प्लॉट वापरलं की ठिपके रेघांनी जोडले जातात आणि गुंतलेल्या दोऱ्यासारखं दिसतं, स्कॅटर वापरा.

क्रमाचं बघा. नकाशावरून कॉपी केलं की अक्षांश आधी येतो, पण प्लॉटमधे एक्सवर रेखांश लागतो. जळगाव 21.01, 75.56 आहे, उलटं वाचलं तर तेच जळगाव नॉर्वेच्याही उत्तरेला थंड समुद्रात जाऊन पडतं.

आमची चौकट खरी साधारण 47 किलोमीटर रुंद आणि 22 उंच, पण चित्र जवळपास चौकोनी आलं, कारण मॅटप्लॉटलिब दोन्ही अक्ष उपलब्ध जागेत ताणतं. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे 104 किलोमीटर, अक्षांशाचा 111, म्हणून सेट अॅस्पेक्टला (दोन अक्षांच्या मापांचं प्रमाण ठरवणारं फंक्शन) 111 भागिले 104, म्हणजे 1.07 द्या, मग पट्टा तापीच्या काठाने लांबट दिसतो तसाच दिसेल.

आणि तुमच्या प्रोग्रामच्या फाइलला रँडम हे नाव देऊ नका, इम्पोर्ट केल्यावर पायथन स्वतःच्या रँडमऐवजी तीच फाइल उचलतं आणि युनिफॉर्म सापडत नाही म्हणून ओरडतं.