नवा मीम कॉइन घ्यायच्या आधी काय काय बघायचं (कांद्याच्या लिलावावरून सांगतो)

परवा सात रस्त्याला चहा पिताना मित्राने मोबाईल पुढे केला, "बघ की बे, दोन हजार टाकलेले, सोळा हजार झाले." म्हटलं आधी विकून दाखव. बटण दाबून व्यवहार होईपर्यंत भाव पडला, हातात आले तीन हजार.

मीम कॉइन म्हणजे एखाद्या विनोदावर नाहीतर ट्रेंडवर काढलेलं क्रिप्टो नाणं. आधी हे चालतं कसं ते बघा. पंप डॉट फन हा यातला सगळ्यात गाजलेला प्लॅटफॉर्म, जानेवारी २०२४ ला सोलाना या ब्लॉकचेनवर (क्रिप्टो व्यवहारांची सामायिक ऑनलाइन वही) सुरू झाला. नाव टाका, फोटो टाका, टोकन (म्हणजे तुमचं नाणं) तयार, कोडिंग काही नाही. एकूण १०० कोटी टोकन, त्यातले सुमारे ८० कोटी बाँडिंग कर्व्हवर विकायला, म्हणजे भाव सूत्राने ठरतो, कोणी घेतलं की चढतो, विकलं की उतरतो. ते संपले की जमलेले सोल (सोलानाचं स्वतःचं नाणं) आणि उरलेले टोकन एक्स्चेंजच्या पूलमध्ये, म्हणजे खरेदी-विक्रीसाठीच्या सामायिक साठ्यात जातात, याला ग्रॅज्युएट होणं म्हणतात. बहुतेक कॉइन तिथपर्यंत पोचतच नाहीत. प्लॅटफॉर्मला मात्र प्रत्येक व्यवहारात फी मिळते, तुम्ही बुडा नाहीतर तरा.

पहिलं बघायचं ते लिक्विडिटी, म्हणजे विकायला निघालात तर तिथे खरा पैसा किती आहे ते, मार्केट कॅप नाही. आपल्या मार्केट यार्डात कांद्याच्या एखाद्या लॉटला उच्चांकी भाव लागतो, पेपरात तोच छापून येतो, पण सगळ्या गाड्यांना तो मिळतो का ओ? मार्केट कॅप म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले सगळे टोकन, बस. २०२४ मध्ये ग्रॅज्युएट व्हायला मार्केट कॅप सुमारे ६९ हजार डॉलर लागायचं, तेव्हा कर्व्हमध्ये जमलेला खरा पैसा असायचा साधारण ८५ सोल, म्हणजे त्या आकड्याच्या पाचव्या भागाच्या आसपास. सगळे एकदम विकायला निघाले तर वाटायला तेवढाच.

मग होल्डर्सची, म्हणजे टोकन कोणाकडे किती आहेत त्याची यादी उघडा, सोलानाचे व्यवहार दाखवणाऱ्या सोलस्कॅन साइटवर दिसते. वरच्या दहा वॉलेटकडे (टोकन ठेवायची डिजिटल पाकिटं) किती माल आहे? ती दहा वॉलेट वेगवेगळी दिसली तरी लगेच भुलू नका, लाँच होताच बॉट (आपोआप खरेदी करणारा प्रोग्राम) लावून एकच माणूस वीस वॉलेटमधून उचलतो आणि नंतर तुमच्या अंगावर ओततो.

तिसरं, मिंट (नवीन टोकन छापणं) आणि फ्रीझ (टोकन गोठवणं) यांचे अधिकार बंद केलेत का. मिंट चालू असेल तर मालक हवे तेवढे नवीन टोकन छापू शकतो, फ्रीझ चालू असेल तर तुमचे गोठवू शकतो. पंप डॉट फनवर हे दोन्ही बंदच असतात, पण दुसरीकडून आलेल्या कॉइनचं तपासा. हे रगचेक या तपासणीच्या साइटवर दिसतं.

तरी घ्यायचंच असेल तर थोडंसं घेऊन लगेच त्यातलं थोडं विकून बघा. २०२१ मध्ये स्क्विड नावाचं टोकन लै चढलं होतं, लोकांना घेता येत होतं पण विकता येत नव्हतं, मग भाव एकदम जवळपास शून्यावर.

वॉलेट वेगळं ठेवा, सीड फ्रेज (वॉलेट उघडायचे गुप्त शब्द) कोणालाच देऊ नका, टेलिग्रामवरच्या "सपोर्ट"वाल्याला तर नाहीच. फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा.

आणि टॅक्स. नफ्यावर सरळ ३० टक्के, वर सेस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. मित्राला सांगितलं, हजार कमावलेस त्यातले तीनशे सरकारचे, आधी दोन कॉइनमध्ये घालवलेले सहा हजार कुठेच धरणार नाहीत. त्याने चहाचं बिल माझ्याकडे सरकवलं.