परदेशी नोकरीचे कागद: लॅमिनेशन करू नका आणि आधी देश विचारा

परभणीच्या आमच्या घरी लोखंडी पेटीत बहिणीचे सगळे कागद होते. दहावी, बारावी, बी.एस्सी. नर्सिंग. बाबांनी जीव लावून एकेक लॅमिनेट करून ठेवलेलं. दुबईच्या दवाखान्याचं ऑफर लेटर आलं तेव्हा कळलं, की कागद खरे असल्याचे सरकारी शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर बसतात, प्लास्टिकवर नाही. मी इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवायला गेलो आणि बारावीच्या प्रमाणपत्राची शाई त्याच्याबरोबर निघून आली. तुम्ही हे करू नका. दुय्यम प्रतीसाठी मंडळाच्या विभागीय कार्यालयात जावं लागतं. परभणी, जालना, बीड, हिंगोलीचं ते छत्रपती संभाजीनगरला आहे. नांदेड, लातूर, धाराशिवचं लातूरला.

कुठलाही कागद हलवण्याआधी देश कोणता ते पक्कं करा, पुढची सगळी वाट त्यावर ठरते. हेग करारातल्या, म्हणजे एकमेकांचे कागद दूतावासाविना मानणाऱ्या देशांना अपोस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा त्या करारातला शिक्का, पुरतं. भारतात हा करार 2005 पासून लागू आहे. ओमान, बहरीन करारात आहेत, सौदी अरेबियाही 2022 मध्ये आला. संयुक्त अरब अमिराती (दुबई त्यातच), कतार आणि कुवेत मात्र करारात नाहीत. तिथं जायचं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. आमच्या गल्लीतल्या एका पोराला ओमानमधल्या मस्कतला जायचं होतं, म्हणजे अपोस्टिलवर भागणार होतं, तरी एजंटानं दूतावासाच्या नावाखाली पैसे मागितले. म्हणून आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या: कोणते कागद हवेत आणि कोणता शिक्का हवा.

आता क्रम. कागद ज्यानं दिला, तपासणी तिथूनच सुरू होते. बहिणीचं कॉलेज मराठवाड्यातलं, पण पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. त्यामुळे नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठात जाऊन उपयोग नव्हता. आम्ही रेल्वेनं नाशिकरोड गाठलं. पदवीचं पक्कं प्रमाणपत्र नसेल तर ते आधी काढा. दीक्षांत समारंभाचा अर्जच न भरलेली कितीतरी मुलं आपल्याकडं आहेत, आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर पुष्कळदा काम अडतं.

विद्यापीठानंतर राज्य शासनाचं साक्षांकन, ते मुंबईत. परभणीहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबई. तिसरा टप्पा परराष्ट्र मंत्रालयाचा. मंत्रालय आपल्या हातातून थेट कागद घेत नाही, त्यासाठी नेमलेल्या एजन्सी आहेत आणि त्यांची नावं मंत्रालयाच्या वेबसाइटवर असतात. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला 50 रुपये. एजन्सीची सेवा वेगळी. कोणी हजारांत आकडा सांगितला तर फी किती आणि त्याची मेहनत किती, हे पावतीवर वेगळं लिहून मागा.

पुढचं मी कळकळीनं सांगतो. मूळ कागद हातातून सोडण्याआधी पुढची-मागची बाजू रंगीत स्कॅन करा आणि कागदांची यादी करून देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या घ्या. एका मध्यस्थानं आमचे कागद तीन आठवडे अडकवले होते. आई त्या दिवसांत जेवण अर्धं टाकून उठायची. यादीवर त्याची सही होती, म्हणून ते परत मिळाले.

नावही जुळवून पाहा. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, हे चालून जातं. पण स्पेलिंगमधलं एक अक्षर वेगळं असेल तर सुधारणा शिक्के मारण्याआधीच करून घ्या. नंतर केली तर नव्या कागदावर सगळे शिक्के पुन्हा.

नर्स असाल तर डेटाफ्लो या कंपनीकडून होणारी कागदांची पडताळणी वेगळी असते, शिक्के झाले म्हणून ती सुटत नाही. अमिरातीत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शेवटचा शिक्का राहतो. बहिणीचं ते काम तिच्या दवाखान्यानं करून दिलं. तुमची कंपनी करणार का, हे निघण्याआधी विचारून ठेवा.