टीव्हीविषयीची जुनी भाकिते कशी तपासावीत

टीव्ही येण्यापूर्वी किंवा तो नवा असताना त्याच्या भवितव्याविषयी जे लिहिले गेले, ते शाळेच्या प्रकल्पासाठी अथवा वाचनालयातील छोट्या प्रदर्शनासाठी गोळा करताना बरोबर-चूक अशा खुणा करत सुटू नये. एकाच भाकितात यंत्राविषयीचा अंदाज आणि माणसांविषयीचा अंदाज मिसळलेले असतात. ते आधी वेगळे करावेत.

यंत्राविषयीचे अंदाज तपासणे सोपे असते. ब्रिटिश अभियंते कॅम्पबेल स्विंटन यांनी 1908 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रात, चित्र पाठवण्याच्या आणि पाहण्याच्या दोन्ही टोकांना कॅथोड किरण (निर्वात नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत) वापरता येतील असे सुचवले होते. जॉन लोगी बेअर्ड यांनी 26 जानेवारी 1926 रोजी लंडनमध्ये जे दाखवले, ते मात्र फिरत्या तबकडीचे यंत्र होते. पुढे टिकली ती स्विंटन यांची वाट. म्हणून आधी यशस्वी झालेला प्रयोग आणि अखेर खरे ठरलेले भाकीत यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. विज्ञानकथा लेखक आर्थर क्लार्क यांच्या 1945 च्या लेखाची नोंदही अशीच फोडून करावी. पृथ्वीभोवतीच्या तीन उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल, हा त्यांचा हिशेब अचूक होता, परंतु त्या उपग्रहांवर माणसे राहतील ही कल्पना प्रत्यक्षात आली नाही.

पैशाचा प्रश्न थोडक्यात आटोपता येतो. दूरचित्रवाणी तंत्रदृष्ट्या शक्य असली तरी व्यवसाय म्हणून अशक्य आहे, असे अमेरिकी रेडिओ संशोधक ली डी फॉरेस्ट 1926 मध्ये म्हणाल्याचे सांगितले जाते. अशी वाक्ये मूळ छापील पान मिळेपर्यंत ‘म्हणाले’ असे न लिहिता ‘म्हणाल्याचे सांगितले जाते’ असेच लिहावे. खर्च भागवण्याचे मार्ग निघाले, हे तर उघडच आहे: अमेरिकेत जाहिराती, ब्रिटनमध्ये परवाना शुल्क, आणि आपल्याकडे आधी परवाना व 1976 पासून त्याच्या जोडीला जाहिराती.

खरे कष्ट माणसांविषयीच्या भाकितांवर घ्यावेत, आणि इथे साताऱ्यातील वाचकाला परदेशी पुस्तकांपेक्षा शेजारच्या आजी-आजोबांची मदत अधिक होईल. विक्रम साराभाई यांनी 1969 मध्ये मांडले होते की टीव्ही शहरांपुरता न ठेवता उपग्रहाद्वारे थेट खेड्यांत न्यावा आणि शेती, आरोग्य व शिक्षणासाठी वापरावा. त्यांच्या निधनानंतर 1975-76 मध्ये सहा राज्यांतील सुमारे 2400 गावांत हा प्रयोग झाला. त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून कोरेगाव किंवा वाईकडच्या शेतकऱ्याला ‘टीव्हीचा उपयोग झाला का’ असे मोघम विचारू नये. ‘आमची माती, आमची माणसं’ कोणाच्या घरी बसून पाहत होता, त्यात ऐकलेले एखादे बियाणे किंवा औषध खरोखर शेतात वापरले का, आणि त्याच घरात रविवारी कशासाठी गर्दी होत होती, असे नेमके विचारावे. साराभाईंचे भाकीत कुठवर पोहोचले आणि कुठे थांबले, ते या उत्तरांतून कळते.

अँटेनाविषयीही आवर्जून विचारावे. तो सिंहगडावरील प्रक्षेपण मनोऱ्याकडे वळवलेला होता की अजिंक्यताऱ्यावरील, बूस्टर लावावा लागे का, आणि पडद्यावर मुंग्या आल्या की छपरावर कोण चढे व खालून ‘आलं, आलं, थांब!’ असे कोण ओरडे, हे तपशील कोणत्याही भाकितकाराने लिहिलेले नाहीत. घरबसल्या जग दिसेल, हे अनेकांनी सांगितले होते. ते दिसावे म्हणून एकाने छपरावर उभे राहावे लागेल, हे कोणी सांगितले नव्हते. मला तरी अशी नोंद संग्रहातील सर्वांत मोलाची वाटते.

सांगणाऱ्यांच्या आठवणीतील वर्षे बहुधा मागेपुढे होतात. घरात पोस्टाचे जुने परवाना पुस्तक किंवा संच घेतल्याची पावती असल्यास तिच्यावरील तारखेशी ती ताडून पाहावीत. काहीच नसेल तर लग्न, बारसे किंवा एखाद्या निवडणुकीच्या आधारे साल ठरवावे आणि ते अंदाजे असल्याचे नोंदीतच लिहावे.