नागरी सहकारी बँकेचा मुख्य कार्यकारी अधिकारी निवडताना या चुका टाळा

नागरी सहकारी बँकेचे सर्वोच्च पद भरताना बहुतेक संचालक मंडळे एका दुपारच्या मुलाखतीवर विसंबतात. ठेवीदारांचा पैसा ज्याच्या सहीने कर्जाऊ जाणार आहे, त्याची पारख एवढ्या घाईत होऊ शकत नाही.

पहिली चूक म्हणजे पात्रतेलाच योग्यता समजणे. रिझर्व्ह बँकेने जून २०२१ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार उमेदवाराचे वय ३५ ते ७० वर्षे असावे, बँकिंग क्षेत्रात मध्यम किंवा वरिष्ठ व्यवस्थापन पातळीवरचा किमान आठ वर्षांचा अनुभव असावा आणि तो खासदार, आमदार किंवा नगरसेवक नसावा. हे सारे कागदावर तपासता येते आणि मुलाखतीपूर्वीच तपासून घ्यावे, कारण नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची पूर्वमान्यता लागते आणि प्रस्ताव परत आला तर काही महिने वाया जातात. माणूस कसा आहे, हे मात्र या निकषांवरून कळत नाही.

खरी गफलत होते ती आकड्यांत. 'माझ्या काळात ठेवी दुप्पट झाल्या, थकबाकी निम्म्यावर आली' हे वाक्य ऐकून मंडळ प्रभावित होते. पण थकबाकी वसुलीने घटली, निर्लेखनाने (बुडीत कर्ज हिशेबातून काढून टाकल्याने) घटली की नव्या कर्जाने झाकली गेली, हे कोणी विचारत नाही. उमेदवाराने सोडलेल्या बँकेचे वार्षिक अहवाल मिळवावेत आणि तो गेल्यानंतरच्या दोन वर्षांचे अहवाल अधिक बारकाईने वाचावेत, कारण त्याने मंजूर केलेली कर्जे बुडायला लागली असतील तर ती तेथेच दिसू लागतात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध येईपर्यंत तिची कागदोपत्री स्थिती ठीक दिसत होती. प्रत्यक्षात एकाच उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे हजारो बनावट खात्यांआड दडवलेली होती.

म्हणून मुलाखतीत भाषणाऐवजी एक काल्पनिक कर्जप्रकरण समोर ठेवावे आणि अर्धा तास द्यावा. समजा, एका व्यापाऱ्याचे थकीत खाते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नियमित झाले आणि एप्रिलमध्ये त्याच्या भावाच्या फर्मला जवळपास तेवढ्याच रकमेचे कर्ज मंजूर झाले. मार्चमध्ये भरलेला पैसा कोठून आला, हा प्रश्न जो उमेदवार स्वतःहून विचारतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ आहे. जो केवळ तारणाचे मूल्य पाहून समाधान मानतो, त्याची वक्तृत्वशैली कितीही चांगली असली तरी सावध राहावे.

'आपले ऐकणारा माणूस' शोधणे ही चूक मंडळे मान्य करत नाहीत, पण माझ्या मते सर्वाधिक नुकसान तीच करते. संचालकाने शिफारस केलेले कोणते कर्जप्रकरण तुम्ही परत पाठवले आणि टिपणीत काय लिहिले, असे प्रत्येक उमेदवाराला विचारावे. उत्तरात प्रकरणाचा तपशील हवा. ग्राहकाचे नाव मात्र नको, आणि ते सहज सांगून टाकणारा उमेदवार उद्या आपल्या बँकेची गुपितेही सांगेल. एखाद्या उमेदवाराशी नाते किंवा व्यवहार असलेल्या संचालकाने ते आधीच जाहीर करून निवड समितीतून बाजूला व्हावे.

गुण देताना अध्यक्ष आधी बोलले की बाकीचे त्यांच्यामागे जातात. सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, प्रत्येक सदस्याने गुण स्वतंत्रपणे लिहून द्यावेत आणि मगच चर्चा करावी. तरीही मंडळात तट पडले, तर तडजोडीचा तिसरा उमेदवार घेण्यापेक्षा दोघांनाही पुन्हा बोलावून मतभेदाच्या नेमक्या मुद्द्यावर प्रश्न विचारावेत.

उमेदवाराने दिलेल्या नावांनाच फोन करणे व्यर्थ आहे. त्याच्या हाताखाली काम केलेले शाखाधिकारी आणि जुने वसुली अधिकारी यांच्याशी बोलावे. सध्याच्या बँकेत मात्र त्याच्या संमतीशिवाय चौकशी करू नये.

चुकीची नेमणूक मागे घेणेही सोपे नाही, कारण मुदतीपूर्वी पदावरून दूर करण्यासाठीही रिझर्व्ह बँकेची मान्यता लागते. त्यामुळे निवड निश्चित करण्याआधी, गोपनीयतेची लेखी हमी घेऊन, आपल्या बँकेतील मोठ्या थकबाकीदारांची खरी स्थिती अंतिम उमेदवारापुढे मांडावी आणि पहिल्या सहा महिन्यांत तो काय करेल, हे त्याच्याकडून लेखी मागावे.