केअर सेंटर बघायला जायचं तर संध्याकाळी जा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझी सगळी नोकरी फौंड्रीच्या इन्स्पेक्शनला गेली. कास्टिंगला रंग छान मारलाय म्हणून कुणी ते पास करत नाही. आतले ब्लो होल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, कापल्यावरच दिसतात. आत्तीसाठी केअर सेंटर शोधताना हीच खोड उपयोगी पडली. हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं, 'तुम्ही जागा बघितल्या होत्या न्हवं, जरा सांगा की', म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गंगावेशीत घर, घरच्या म्हशी, जन्मभर दुधाचा धंदा. मूलबाळ नाही, आतोबा गेल्यावर एकटीच. आधी उधारीच्या वहीत एकच नाव तीन-तीनदा यायला लागलं, मग दूध उतू जायला लागलं, आणि एका पहाटे कधीच्या विकून टाकलेल्या म्हशी शोधत ती पंचगंगेच्या घाटापर्यंत गेली. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, म्हणजे डिमेन्शियाचाच (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार. फुलेवाडीला आमच्याकडे आणली, पण रात्रीची जागरणं पुढे आम्हा दोघांना झेपेनात.

जागा शोधायला लागलात की पहिला फोन करतानाच सगळं खरं सांगा. बरेच वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणारी माणसंच घेतात. त्यांच्याकडे 'जरा विसरते' एवढंच सांगून माणूस दाखल केला, तर चार-आठ दिवसांत 'घेऊन जा' असा फोन येतो आणि त्या हलवाहलवीत माणूस आणखी बिथरतं. आम्ही फोनवरच सांगायचो: लघवीचा भरवसा नाही, रात्री उठून चालते, अंघोळीला हात धरला तर कधी फटका मारते, सोन्याची बोरमाळ काढू देत नाही. निम्म्या जागा तिथेच गळाल्या. चांगलंच झालं, पेट्रोल वाचलं.

दुसरं म्हणजे, तुमच्या माणसाच्या आयुष्यातला एक प्रश्न तयार ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तोच विचारा. 'सोयी काय आहेत' विचारलं की सगळीकडे तेच छापील उत्तर मिळतं: सीसीटीव्ही, गार्डन, योगा, डॉक्टर व्हिजिट. आमचा प्रश्न असा होता: 'आत्ती पहाटे चारला उठते, धार काढायची म्हणते, बादली मागते. तुम्ही काय कराल?'

एका ठिकाणी मॅनेजर म्हणाले, गोळी चालू करू, झोपतील सकाळपर्यंत. दुसरीकडे एक बाई फार प्रेमाने म्हणाल्या, आम्ही समजावून सांगतो की आजी, तुमच्या म्हशी आता नाहीत, तुम्ही इथं राहायला आलाय. बोलायला खरं आहे, पण मग त्या बाईला रोज पहाटे आपल्या म्हशी गेल्याचं नव्यानं कळणार आणि रोज नव्यानं रडू येणार. कळंब्याकडच्या एका जागी मात्र मॅनेजरनी स्वतः उत्तर दिलंच नाही. रात्रपाळीच्या मावशींना हाक मारली. करवीर तालुक्यातल्याच त्या. त्यांनी उलट आम्हालाच विचारलं, 'किती म्हसरं हुती? नावं काय?' मग म्हणाल्या, 'चहा दिऊ, बादली धुवाय दिऊ. धारा झाल्या, दूध गेलं डेअरीला, असं म्हटलं की पडतील परत.' आत्ती शेवटी तिथेच आहे.

तुमच्या घरचे वडील एसटीत ड्रायव्हर असतील, तर पाचच्या गाडीला उशीर झाला म्हणून पँट चढवतील. आई शाळेत असेल, तर घंटा झाली म्हणेल. उत्तर ऐकताना बघायचं ते हे की समोरचा माणूस तिच्याशी वाद घालणार, तिला झोपवणार, की दोन मिनिटं तिच्या जगात जाऊन येणार.

आता वेळ. सकाळी अकराला कुठलीही जागा बरी दिसते. अंघोळी झालेल्या, वेण्या घातलेल्या, हॉलमध्ये टीव्ही. डिमेन्शियाच्या बऱ्याच माणसांची उलघाल दिवस कलला की वाढते. घरी जायचंय म्हणतात, दारं हलवतात, संशय घेतात. म्हणून एकदा साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान जा, आणि एकदा रात्रीच्या जेवणानंतर. 'त्या वेळेला भेट चालत नाही' असं कुणी म्हटलं, तर दाखल केल्यावर तरी चालेल का, हे विचारून घ्या.

गेलात की तिथल्या सगळ्यात अवघड माणसाकडे बघा. गोड हसून 'या बसा' म्हणणाऱ्या आजी दाखवायला पुढे आणतातच. तुम्ही कोपऱ्यात एकसारखं ओरडणाऱ्या आजोबांकडे बघा, अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे बघा. आजार पुढे सरकणार आहे. त्या पलंगावर काही वर्षांनी तुमचं माणूस असणार. त्यांना कुणी नावानं हाक मारतं का, की 'ए म्हातारे, गप'? अंगावरचे कपडे त्यांचेच आहेत का? त्या ओरडणाऱ्या आजोबांजवळ कुणीतरी येऊन टेकलं का? खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. 'बेडसोअर झालेले पेशंट आहेत का, कसे झाले?' असं सरळ विचारायचं. एखादी जखम असणं म्हणजे जागा वाईट असं नाही. काही माणसं हॉस्पिटलमधून जखमा घेऊनच येतात. लपवाछपवी मात्र लगेच कळते.

पलंगाला हात बांधलेला दिसला, तर कारण विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात साखळी बांधायला सरळ बंदी आहे, आणि शरीर जखडून ठेवायचं तर तातडीचा धोका असेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरतंच. 'पडू नयेत म्हणून रोज बांधतो' हे उत्तर मला पुरेसं होतं, आम्ही चहासुद्धा न घेता उठलो.

गोळ्यांचं असंच. क्वेटियापीन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही माणूस शांत ठेवायला देतात त्या मनोविकारावरच्या गोळ्यांची नावं पाठ करा. कधी कधी त्यांची गरज पडते, नाही असं नाही. पण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या औषधांबद्दल 2005 मध्येच आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांबद्दल 2008 मध्ये दिलाय. म्हणून कोण लिहितं, कशासाठी लिहितं, आणि बंद करायची की नाही हे परत कधी बघतात, एवढे तीन प्रश्न. भर दुपारी सगळा हॉल पेंगत असेल तर ती शांतता मला आवडत नाही.

मावशी आणि मामा हीच खरी जागा. मालक कितीही देवमाणूस असला, तरी रात्री दोनला तो नसतो. रात्री किती माणसांमागे किती जण जागे असतात ते विचारा. 'असतात' नाही, 'जागे असतात'. वीस जणांमागे एकच मावशी असेल, तर दोघांना एकदम संडासला लागलं की काय होणार हे सांगायला नको. मावशी कधीपासून तिथे आहेत हे त्यांनाच बाजूला विचारा. दर महिन्याला माणसं बदलत असतील तर काहीतरी बिनसलेलं आहे. आणि भाषा बघा. आत्तीला पुस्तकी मराठी आता कळेनाशी झालीय. 'भोजन करून घ्या' म्हटलं तर ती बघत बसते, 'जेवतीस का वाईच' म्हटलं की उठते. सीमेकडच्या घरातली एखादी आजी शेवटी फक्त कानडीच बोलायला लागते. तिच्यासाठी कानडी येणारी एक तरी मावशी हवी.

मावशींना आणखी एक विचारायचं: 'एकदम एका दिवसात जास्तच भ्रमिष्टासारखं करायला लागली तर?' 'आजारच तसा आहे' हे उत्तर धोक्याचं. डिमेन्शिया सहसा एका रात्रीत वाढत नाही. असं झालं की लघवीचं इन्फेक्शन, ताप, बद्धकोष्ठता, कमी पाणी, नवी गोळी किंवा कुणाला न दिसलेलं पडणं, असं कारण शोधायचं असतं. शिकलेल्या मावशी 'आधी ताप बघतो, लघवीचा वास बघतो' असं पटकन सांगतात.

बाथरूममध्ये स्वतः जा. धरायला दांडी आहे का, कमोड आहे का, फरशी ओली आहे का, आतून कडी लागते का (लागू नये). लघवीचा वास एका कोपऱ्यात येणं समजू शकतं, सगळ्या घरात आणि तोही जुना येत असेल तर नाही. फिनेलचा वास डोळ्यांत जाईल इतका असेल तर तो उडाल्यावर खाली काय वास येतो ते बघायला मी थोडा वेळ थांबतो. आमच्या आत्तीला कातडी कोल्हापुरी चप्पल सोडवत नाही, आणि ओल्या फरशीवर तिच्याइतकी घसरणारी वस्तू नाही. शेवटी मागे पट्टा असलेली रबरी सोलची घेतली आणि जुनी तिच्या पलंगाखाली नुसती ठेवली.

फाटकाचं विचारताना 'कुणी बाहेर गेलं होतं का कधी' असं विचारा. कधीच नाही म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. 'गेले होते, हायवेपर्यंत पोचले, त्यानंतर ही कडी बदलली' असं सांगणारा बरा.

जेवणाच्या वेळेला एकदा थांबाच. भरवणारी मावशी शेजारी बसून भरवते की उभ्यानं घास कोंबते? आजी बसलेली आहे की आडवी? आडव्या माणसाला भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. भाकरी आमटीत कुस्करून मऊ करतात का, पाणी मागितल्याशिवाय देतात का, तेही बघा, कारण ही माणसं तहान लागली हे सांगत नाहीत. आणि आपल्याकडचा नाजूक विषय: बऱ्याच जागा शुद्ध शाकाहारी आहेत. ऐंशी वर्षं बुधवार-रविवार पांढरा रस्सा प्यायलेल्या बाईला अचानक रोज दुधीची भाजी दिली, की ती जेवण टाकते आणि घरचे म्हणतात आजार वाढला. आम्ही रविवारी डबा नेण्याची परवानगी लिहून घेतली. तिखट कमी, हाडं काढून.

कोल्हापुरात पुराचा प्रश्न विचारल्याशिवाय जागा नक्की करू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 ला आणि परत 2021 ला काय झालं ते आपण बघितलंय. शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता. जागा उंचावर असून भागत नाही. तिथे जायचा रस्ता पाण्यात जातो का, मावशी कुठल्या गावाहून येतात, जनरेटर आहे का, औषधांचा पंधरा दिवसांचा साठा असतो का? चिखली-आंबेवाडीसारख्या पुरात सापडणाऱ्या गावांकडून येणारा सगळा स्टाफ असेल, तर पुरात कोण येणार? रात्रीचा डॉक्टर कोण, 108 ची गाडी यायला किती वेळ लागतो, सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला कोण सोबत जाणार, हे त्याच बैठकीत.

पैशांचं थोडक्यात. दर सांगतात तो निम्मा असतो. डायपर, औषधं, फिजिओ, हॉस्पिटलमध्ये थांबणारी मावशी हे सगळं वेगळं. एखाद्या पेशंटचं मागच्या महिन्याचं बिल नाव झाकून दाखवा म्हणावं. डिपॉझिट कधी परत मिळतं, माणूस हॉस्पिटलमध्ये असताना महिना चालू राहतो का, आणि अंथरुणाला खिळल्यावर ठेवतात की परत पाठवतात, हे करारात लिहून घ्या. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे एवढ्याने काळजी चांगली आहे असं ठरत नाही. मानसोपचार देतो म्हणत असतील तर 2017 च्या कायद्याखालची नोंदणी दाखवायला सांगा. घर किंवा जमीन लिहून द्या, आजन्म सांभाळतो, असं कुणी म्हटलं तर नमस्कार करून बाहेर पडा. घरातल्याच कुणी सांभाळायच्या अटीवर मिळकत लिहून घेतली असेल आणि आता बघत नसेल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात ते लिहून देणं रद्द करून मागता येतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

दाखल करताना एक कागद द्या, भिंतीला लावायला. आत्तीच्या कागदावर म्हशींची नावं आहेत, 'अंघोळ कोमट पाण्याने, आधी पाय, डोक्यावर एकदम पाणी नको', 'बोरमाळ काढू नये' (खरी घरी ठेवलीय, गळ्यात तशीच दिसणारी खोटी आहे), चष्मा आणि कवळीची जागा, आणि अंबाबाईच्या आरतीची वेळ, कारण तेव्हा ती आपोआप शांत होते. पहिले पंधरा दिवस चाचणी म्हणून ठेवता येतात का ते विचारा. त्या दिवसांत ती 'ने मला' म्हणून रडेलच. त्यावरून जागा वाईट ठरवू नका. वजन, झोप आणि अंगावरचे डाग यांवरून ठरवा.

नंतरही वार-वेळ बदलून जात राहा. मी गेलो की आधी टाचा आणि माकडहाड बघतो, मग नखं, मग महिन्याचा वजनाचा आकडा. मावशींना वाईट वाटू नये म्हणून हे त्यांच्यासमोरच करतो, आणि काही चांगलं दिसलं तर तेही त्यांच्यासमोरच बोलतो. दुसऱ्या नंबरला आवडलेल्या जागेचं वेटिंग लिस्टमधलं नाव मात्र काढलेलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तिथे एक फोन करतो.