ड्रायव्हिंग टेस्टला जाण्याआधी: कागद, गाडी आणि मागचा दिवा

ठाणे आणि नवी मुंबईत मिळून घरातल्या आणि सोसायटीतल्या अकरा जणांबरोबर मी आजवर टेस्टला गेले आहे. चालवता आलं नाही म्हणून नापास झाले ते दोघंच. बाकी जे परत आले, ते कागदापायी नाहीतर गाडीपायी. तरीही लर्निंग हातात आलं की सगळे महिनाभर फक्त रिव्हर्स आणि आठचा आकडा गिरवत बसतात. तो सराव कराच. पण खाली लिहिलंय तेही करा.

कागद

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांच्या आत पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. "अजून चार महिने आहेत की" हा विचार सोडा आणि दुसऱ्या महिन्यातच टेस्ट होईल अशी 'सारथी'वर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, तारीख घ्या. नापास झालात तर पुन्हा टेस्ट द्यायला निदान सात दिवस थांबावं लागतं, तीनदा नापास झालात तर साठ दिवस. त्यात मनासारखा स्लॉट लगेच मिळत नाही. लर्निंगची मुदत संपली की सगळं पहिल्यापासून.

ऐरोली, घणसोली, वाशीवाल्यांनी अर्ज भरताना जरा थांबून वाचा. तुमच्या आधारवर जिल्हा ठाणे असतो म्हणून बरेच जण डोळे झाकून ठाण्याचं आरटीओ निवडतात. ठाणे म्हणजे एमएच-०४, तुमचं नवी मुंबई एमएच-४३. खारघर, कामोठेवाल्यांचं पनवेल, एमएच-४६. ठाणे निवडलंत तर टेस्टही ठाण्यातच, आणि सकाळी सकाळी विटाव्याच्या गर्दीतून शिकाऊ हातांनी गाडी न्यायची. माझ्या भाच्याने तेच केलं आणि ट्रॅकवर पोचेपर्यंत त्याचे हात थरथरायला लागले होते.

चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १-ए, लागतं. ते लर्निंगच्या वेळीच घ्यावं लागतं, त्यामुळे ती प्रत जपून ठेवा.

गिअरलेस स्कूटरवर टेस्ट दिलीत तर लायसन्स गिअरलेसचंच मिळतं. पुढे मोटरसायकल चालवायची असेल तर अर्ज 'विथ गिअर'चा करा आणि टेस्टलाही गिअरची गाडी न्या. हा घोळ मुलं दरवर्षी करतात आणि मग दुसऱ्यांदा रांगेत उभी राहतात.

गाडीचे कागद म्हणजे आरसी, विमा, पीयूसी. गाडी दुसऱ्याच्या नावावर असली तरी चालते, पण मालकाच्या "सगळं चालू आहे रे" या शब्दावर जाऊ नका. तिन्ही कागदांवरच्या तारखा स्वतः वाचा. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ (प्रदूषणाची सरकारी मानकं) गाड्यांना वर्षभराची मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहाच महिन्यांची, आणि विसरली जाते ती हीच. डिजिलॉकरमधले कागद ग्राह्य आहेत, तरी प्रिंट सोबत ठेवा. ट्रॅकवर नेटवर्क गेलं तर कोणी थांबत नाही.

गाडी वरवर

काचांवरची काळी फिल्म काढा. हॉर्न वाजतोय, वायपर चालतात, आरसे घट्ट आहेत, टायरमध्ये हवा आहे, बघून घ्या. नंबरप्लेट देवनागरी आकड्यांची असेल तर मराठीवरचं प्रेम दुसरीकडे दाखवू, नियमाप्रमाणे प्लेट इंग्रजी अक्षरं-आकड्यांचीच लागते. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर हाय सिक्युरिटी प्लेट बसवून घ्या. लाल 'एल' पुढे आणि मागे, दोन्हीकडे, पांढऱ्या चौकोनावर. चौकोन अठरा सेंटिमीटरचा हवा. दुकानात मिळणारे तळहाताएवढे स्टिकर त्यात बसत नाहीत, पट्टी लावून मोजा.

मागचा दिवा

इथे मी स्वतः अडकले, म्हणून सविस्तर सांगते.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी टेस्ट दिली, यांच्या जुन्या गाडीवर. एका एजंटने सांगितलं होतं, "ताई, गाडी कोण बघतंय? कागद नीट ठेवा." तरी मी आदल्या रात्री पार्किंगमध्ये दिवे लावून गाडीमागे जाऊन आले. दोन्ही बाजूला लाल दिसलं. निश्चिंत झोपले. सकाळी इन्स्पेक्टर साहेब गाडीच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "ब्रेक दाबा." मी दाबला. "डावा लागत नाही. दुरुस्त करून पुढच्या तारखेला या." मी हुज्जत घातली, काल रात्री लागत होता म्हटलं. पुढची तारीख एकोणीस दिवसांनी मिळाली आणि माझ्या लर्निंगचे बाराच दिवस उरले होते. पुन्हा फी, पुन्हा लर्निंग, पुन्हा तीस दिवस.

साहेबांचं बरोबर होतं. माझं तपासणंच चुकलं होतं. पुष्कळ गाड्यांत मागच्या लाल दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, पाच वॅटची पार्किंगची आणि एकवीस वॅटची ब्रेकची. ब्रेकची तार तुटली तरी पार्किंगची लागतच राहते. मागून बघणाऱ्याला दिवा चालू दिसतो, आणि तुमच्या मागच्या रिक्षावाल्याला तुम्ही ब्रेक मारलाय हे कळतच नाही. म्हणून "दिवे लावून मागे बघा" हा सल्ला जो कोणी देतो त्याचं ऐकू नका. अर्धीच तपासणी होते, आणि अर्धी तपासणी जास्त फसवते.

नीट असं करा. टेस्टच्या दोन दिवस आधी, अंधार पडल्यावर, गाडी भिंतीकडे पाठ करून हातभर अंतरावर उभी करा. चावी ऑन ठेवा, पार्किंग लाइट बंद. ब्रेक दाबा आणि आरशातून भिंतीकडे बघा. डावीकडे आणि उजवीकडे सारखाच लाल उजेड पडला पाहिजे. आता पार्किंग लाइट लावा आणि पुन्हा ब्रेक दाबा. दोन्ही बाजूंचा उजेड एकदम वाढला पाहिजे. एका बाजूला होता तेवढाच राहिला, तर तीच बाजू गेलेली. मागच्या काचेतला वरचा तिसरा दिवा वेगळा असतो. तो लागला म्हणून खालचे लागतात असं धरू नका. तिन्ही लागत नसतील तर बल्बला हात लावू नका, फ्यूज किंवा ब्रेक पेडलजवळचा स्विच गेलेला असतो, मेकॅनिककडे न्या.

एकच बाजू गेली असेल तर बल्ब घरी बदलता येतो. दिवे बंद करा, बल्ब थंड होऊ द्या. डिकी उघडल्यावर दिव्याच्या कडेला स्क्रू दिसतात, काही गाड्यांत आतल्या बाजूला झाकण असतं. होल्डर डावीकडे फिरवून बाहेर घ्या, बल्ब किंचित आत दाबून फिरवा आणि काढा. उजेडासमोर धरलात की गेलेली तार केसासारखी मधोमध तुटलेली दिसते, काच आतून धुरकटलेली असते. दुकानात तोच बल्ब दाखवून तसाच मागा. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या एका पातळीत नसतात, एक वर, एक खाली. त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. बसत नाही म्हणून दाबलात तर होल्डर वाकतो.

बल्ब चांगला असूनही लागत नसेल तर होल्डरच्या आत बघा. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे पितळी टोकांवर हिरवट-पांढरी पूड धरते. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासली की दिवा लागतो. एलईडी दिवे असतील तर घरी काही करता येत नाही, वर्कशॉपला न्या. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचाही एखादा बल्ब गेलेला असू शकतो.

सगळं झाल्यावर भिंतीसमोर पुन्हा एकदा दोन्ही वेळा ब्रेक दाबा.

टेस्टच्या सकाळी

पक्कं लायसन्स असलेलं माणूस शेजारी बसवूनच निघा. एकट्याने गाडी नेऊ नका, टेस्टला निघालोय हे कारण चालत नाही. चपला नकोत, बूट घाला, बाइकवर हेल्मेट. सीट आणि आरसे रांगेत उभं असतानाच लावून ठेवा. शेजारची सीट रिकामी करा, तिथे इन्स्पेक्टर बसतील. आणि पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली मागच्या सीटवर टाका. पहिल्याच ब्रेकला ती घरंगळत पेडलखाली जाते.